एस्टोनियात जाताय? पहिली नोंद अचूक करा

एस्टोनियाच्या राजधानीत, तालिनला नोकरी लागली आहे, तर कागदपत्रांचे किती संच न्यावेत, असं तुम्ही विचारलंय. झेरॉक्सचा गठ्ठा घरीच ठेवा. एका सरकारी खात्याकडे असलेली माहिती दुसऱ्याने तुमच्याकडे पुन्हा मागायची नाही, असा इथला नियमच आहे. ती माहिती खाती एकमेकांकडून 'एक्स-रोड' या जोडणीवरून घेतात, २००१ पासून. सगळं एका कोठारात भरलेलं नाही, ज्या खात्याची नोंद त्याच खात्याच्या ताब्यात. जेमतेम साडेतेरा लाख वस्तीच्या देशाला कारकुनांची फौज परवडणार कुठून? डिजिटल सही हाताच्या सहीइतकीच कायदेशीर, त्यामुळे कागद, टपाल, हेलपाटे, सगळ्याचाच पैसा वाचतो.

मात्र पहिली नोंद चुकली, तर तीच चूक प्रत्येक खात्यात पोचते. आपल्या लोकांचं घोडं बहुतेक वेळा नावापाशी अडतं. पासपोर्टवर स्वतःच्या नावाला वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव जोडलेलं, लग्नाच्या दाखल्यावर माहेरचं आडनाव, मुलाच्या दाखल्यावर आईच्या नावाचं स्पेलिंग तिसरंच. हे निघण्यापूर्वीच दुरुस्त करून घ्या. जन्माच्या आणि लग्नाच्या मूळ दाखल्यांवर भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल, म्हणजे दाखला खरा असल्याचा परदेशात चालणारा शिक्का, घ्या. दाखला फक्त मराठीत असेल तर भाषांतरही लागेल.

पोचल्यावर महिन्याभरात पत्त्याची नोंद करा. त्यासाठी भाडेकरार किंवा घरमालकाची संमती लागते, म्हणून घर ठरवतानाच त्याला विचारा. तुमच्या प्राप्तिकराचा वाटा पत्ता असेल त्या पालिकेला मिळतो. तालिनमध्ये नोंद असलेल्यांना २०१३ पासून शहरातला बसप्रवास फुकट आहे, त्यामागे हेही एक कारण.

तिथलं सरकारी ओळखपत्र म्हणजे एक कार्ड, त्यासोबतच्या पाकिटात तीन आकडे असतात. पिन १ (चार अंकी) ओळख पटवायला, पिन २ (पाच अंकी) सही करायला, आणि पीयूके (आठ अंकी) बंद पडलेला पिन पुन्हा चालू करायला. पिन तीनदा चुकला की बंद. पाकीट आणि कार्ड एकत्र ठेवू नका. संगणकाला कार्ड रीडरही हवा.

मालकाने तुमची नोकरी नोंदवल्यावरही आरोग्य विमा लगेच लागू होत नाही, चौदा दिवस थांबावं लागतं. तेवढ्या दिवसांसाठी प्रवास विमा चालू ठेवा.

तुमची माहिती कोणत्या खात्याने, कधी पाहिली, याची बरीचशी नोंद एस्टोनिया सरकारच्या पोर्टलवर दिसते. अधूनमधून ती चाळत जा. अनोळखी चौकशी दिसली, तर त्या खात्याला सरळ कारण विचारा.