सही कुणाची, हे आधी लेखी घ्या

ताई, तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि आज सकाळी पुन्हा वाचली. मराठवाड्यात पाणीटंचाईच्या कामात बरीच वर्षं काढून तुम्ही आता युगांडाच्या वेस्ट नाईल भागात एका संस्थेच्या फील्ड ऑफिसची सूत्रं घेतली आहेत. काम दक्षिण सुदानच्या निर्वासितांचं आहे. तुम्ही लिहिलंय, "लोकांसमोर रोज मी उभी राहते, पण साध्या दुरुस्तीलाही राजधानी कंपालातल्या ऑफिसची मंजुरी लागते आणि ती येत नाही. राजीनामा द्यावा का?" मी त्याच भागात, तसल्याच खुर्चीत काही वर्षं होतो. तुमचं एकेक वाक्य ओळखीचं वाटलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

गाड्या, रेडिओ, सुरक्षेचे नियम, शोषणाविरुद्धची आचारसंहिता, युगांडाच्या पंतप्रधान कार्यालयाच्या कमांडंटशी (वसाहतीच्या सरकारी प्रमुखाशी) संबंध, हे तुम्हाला येतं असं धरून चालतो. माझा अनुभव मध्यम आकाराच्या एका संस्थेतला आहे. संयुक्त राष्ट्रांच्या कार्यालयांत वेगळे नियम असतात, आणि मी तिथून निघाल्यानंतरही काही बदललं असेल. तेव्हा तुमचं नेमणूकपत्र आणि तुमच्या संस्थेची खरेदी नियमावली आधी बघा, मग माझं ऐका.

मला सगळ्यात महाग पडलं ते आमचंच राजधानीतलं ऑफिस. त्यातही एक विभाग. नाव घेत नाही.

आमच्याकडे निर्वासितांच्या वसाहतीच्या एका भागाची पाण्याची जबाबदारी होती. खडकाळ जमीन, बोअर पाडली तरी पाणी लागेलच याची खात्री नाही, त्यामुळे चांगलं पाणी लागलेल्या एका बोअरवर मोटर बसवून तिथून टाक्या भरायच्या आणि टाक्यांतून नळकोंडाळी चालवायची. ऐन उन्हाळ्यात त्या बोअरमधला पंप जळाला. पंप ही काही दुर्मिळ वस्तू नाही. पण माझ्या सहीची मर्यादा इतकी कमी होती की त्यात पंप सोडा, तो वर काढायला लागणारं यंत्रही भाड्यानं येत नव्हतं.

मागणी त्याच दिवशी गेली. उत्तर आलं, तीन कोटेशनं जोडा. अरुआ या तिथल्या शहरात त्या क्षमतेचा पंप ठेवणारे दोनच व्यापारी होते. तिसरं कोटेशन कंपालाहून मागवलं, तर त्यातली क्षमता थोडी वेगळी निघाली, म्हणून तिन्ही "तुलनेस अपात्र" ठरली. नव्यानं मागवली. मग ज्यांची सही हवी ते रजेवर होते आणि त्यांच्या जागी कुणाला अधिकार दिलेला नव्हता. मग निघालं की जुन्या वर्षाचं बजेट बंद झालंय आणि नव्या वर्षाचा करार अजून सहीला आहे. प्रत्येक मेल सभ्य भाषेत होता आणि प्रत्येकात एखादा नियम बरोबरच सांगितलेला होता. पाणी मात्र आलं नाही.

इकडे काय चाललं होतं ते सांगतो, कारण कंपालात बसून ते दिसत नाही. टाकीपाशी नळ कोरडा, तरी वीस लिटरच्या पिवळ्या कॅनांची रांग लागलेली. कॅन कुणाचा ते कळावं म्हणून कानाला चिंधी बांधलेली, कुणी खिळ्यानं नाव कोरलेलं. ज्यांच्याकडे जास्तीचा कॅन नव्हता त्यांनी नंबर धरायला दगड ठेवले होते. बायका संध्याकाळी नंबर लावून जायच्या आणि पहाटे अंधारात मुलींना पाठवायच्या, कारण दोन टेकड्या सोडून असलेल्या हातपंपाला तेव्हाच थोडं पाणी यायचं. स्फिअरचं, म्हणजे मदतकार्याच्या आंतरराष्ट्रीय किमान निकषांचं, मानक माणशी दिवसाला १५ लिटर आहे आणि एका हातपंपावर फार तर ५०० माणसं असावीत असं ते म्हणतं. त्या हातपंपावर त्याच्या कितीतरी पट लोक होते, आणि तो मुळात स्थानिक गावाचा. एका सकाळी तिथे मारामारी झाली आणि एका बाईचं डोकं फुटलं. ती गावातली होती की वसाहतीतली, यावरून पुढे काही दिवस वातावरण पेटलेलं राहिलं.

मी रोज आंब्याखालच्या बैठकीत जात होतो. निर्वासितांच्या निवडून आलेल्या कल्याण परिषदेचे लोक शांतपणे ऐकायचे. एका म्हाताऱ्या सदस्यानं विचारलं, "तुमच्याकडे एवढ्या गाड्या आहेत, मग एका यंत्राचे पैसे कसे नाहीत?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढे पंप आला, बसला, पाणी सुरू झालं. पण पैसे आम्हीच खाल्ले ही बोलवा काही केल्या गेली नाही. नळकोंडाळ्याच्या समितीतल्या दोन चांगल्या बायकांनी काम सोडलं. आमच्या स्थानिक कर्मचाऱ्यांना बाजारात टोमणे ऐकावे लागले. ते लोक तिथेच राहतात, संध्याकाळी गाडीत बसून निघून जाऊ शकत नाहीत, याचा मला अजूनही त्रास होतो.

राजधानीतल्या ऑफिसांना सही करायचा इतका धाक का, तेही समजून घ्या. फेब्रुवारी २०१८ मध्ये निर्वासितांचे आकडे फुगवल्याच्या आणि पैशांच्या अफरातफरीच्या आरोपांवरून युगांडातले सरकारी अधिकारी निलंबित झाले. मग देशभर बोटांचे ठसे आणि डोळ्यांच्या बुबुळांवरून फेरनोंदणी झाली आणि १४ लाखांचा आकडा ११ लाखांच्या आसपास आला. देणगीदार खवळले, ते योग्यच होतं. पण त्याचा परिणाम म्हणून बऱ्याच संस्थांनी सह्यांचे अधिकार वर ओढून घेतले. माझं ठाम मत आहे की यानं चोरी थांबत नाही. मोठी चोरी मोठ्या कंत्राटात होते, आणि ते तर आधीपासून राजधानीतच ठरत होतं. थांबतो तो पंप. हिशेब तपासायला हवा, कडकपणे तपासायला हवा. पण तो खर्चानंतर आठवड्यात तपासा, खर्चाच्या आधी महिनाभर नको.

आता तुमच्यासाठी. राजीनाम्याचं एवढ्यात मनात आणू नका. आधी तुमच्या कंट्री डायरेक्टरकडून अधिकारांचं पत्र लेखी घ्या: तुम्ही स्वतः किती रकमेपर्यंत सही करू शकता, पाणी किंवा दवाखाना बंद पडला तर ती मर्यादा किती वाढते, आणि सही करणारा रजेवर असेल तर कोण करेल. "सांभाळून घेऊ" असं तोंडी म्हणतील, ते मान्य करू नका. हे पत्र मिळत नसेल तर मात्र मी म्हणेन की ती नोकरी करण्यात अर्थ नाही. कठोर वाटेल, पण जबाबदारी तुमची आणि सही दुसऱ्याची अशा जागेवर चांगला माणूस लोकांच्या नजरेतून उतरतो आणि लोकांनाही काही मिळत नाही.

दुसरं, डिसेंबर ते मार्च हा काळ आत्ताच कॅलेंडरवर लाल करून ठेवा. वेस्ट नाईलमधला कोरडा हंगाम हाच. बोअरची पातळी खाली जाते, पंप जास्त तास चालतात, जळतात. आणि नेमके याच दिवसांत वार्षिक करार संपलेले असतात, नवे सहीला पडलेले असतात. म्हणजे पाण्याची आणि पैशाची टंचाई एकदमच. मराठवाड्यात एप्रिल-मेचं नियोजन तुम्ही दिवाळीनंतर करत असाल, तसंच इथे सप्टेंबरात करा. एक जादा पंप आणि त्याचं नियंत्रण पॅनेल विकत घेऊन कोठारात ठेवा. पंप काढण्या-बसवण्याच्या यंत्रासाठी आणि टँकरसाठी वर्षभराचा दरकरार आधीच करून ठेवा, म्हणजे ऐनवेळी कोटेशनचा प्रश्नच येणार नाही. खरेदी विभागाला हे पटतं, कारण त्यांचंही काम वाचतं. त्यांना शत्रू समजू नका. त्यांच्यातल्या एखाद्याला दोन दिवस वसाहतीत मुक्कामाला बोलवा आणि पहाटे रांगेपाशी घेऊन जा. माझ्या वेळी हे मी मागितलं होतं आणि "प्रवासखर्चाची तरतूद नाही" असं कळवण्यात आलं. तुम्ही मागत राहा.

मेलमध्ये "अर्जंट" लिहू नका, त्या शब्दाकडे कुणी बघत नाही. रोज एक ओळ पाठवा: आज माणशी किती लिटर मिळालं. काल सहा, आज पाच, उद्या चार. वरिष्ठांना प्रत ठेवा. आकडा वाचल्याचं नंतर नाकारता येत नाही. हे करताना काहींचा रोष येईल, हेही सांगून ठेवतो.

लोकांशी बोलताना तारीख देऊ नका. "पंप जळालाय, मागवलाय, कधी येईल ते मला आज सांगता येत नाही, उद्या सकाळी पुन्हा येऊन सांगते" एवढंच, आणि दुसऱ्या सकाळी खरंच जा. सांगण्यासारखं काही नसलं तरी जा. धान्याच्या कपातीबाबतही हेच. वेस्ट नाईलमध्ये २०२० पासून रेशन वारंवार कमी झालंय. कपात तुमच्या हातात नसते, पण लोकांना ती वाटपाच्या दिवशी तराजूपाशी कळली तर तो तुमचाही दोष धरला जातो.

स्थानिक गावांकडे दुर्लक्ष करू नका, ही माझी फार आग्रहाची विनंती आहे. वेस्ट नाईलमधली बिडीबिडी ही निर्वासित वसाहत ऑगस्ट २०१६ मध्ये सुरू झाली आणि काही महिन्यांत तिथे पावणेतीन लाखांच्या आसपास माणसं आली. ती जमीन स्थानिक घराण्यांच्या वहिवाटीची आहे, वडीलधाऱ्यांनी बसून दिलेली. १९७९ मध्ये इदी अमीनची सत्ता गेल्यावर याच भागातले लोक जीव वाचवायला सुदान आणि झाईरमध्ये (आजच्या काँगोत) पळाले होते, तिथे त्यांना आसरा मिळाला. आज साठीच्या पुढे असलेली माणसं हे स्वतः सांगतात. जमीन दिली त्या बदल्यात त्यांना शाळा, दवाखाना, पाणी आणि मुलांना नोकऱ्या मिळतील अशी आशा होती. मदतीतला सुमारे ३० टक्के वाटा स्थानिकांसाठी हे धोरण कागदावर आहे. तुमच्या कामात तो कुठे दिसतो ते बोट दाखवून सांगता आलं पाहिजे. चौकीदारापासून हिशेबनिसापर्यंत सगळे कंपालाहून आणू नका. छपराचं गवत आणि सरपण यावरून वाद होणारच. गवत कापायला कुठे, कधी जायचं हे दोन्ही बाजूंच्या लोकांनी एकत्र बसून हंगामाआधी ठरवलं की निम्मे वाद टळतात.

आश्रय मागणाऱ्यांबद्दल तुम्ही शेवटी ओझरतं विचारलंय. दक्षिण सुदानच्या लोकांना तिथे गट म्हणून निर्वासित दर्जा मिळत आलाय, त्यामुळे प्रश्न नोंदणीपुरता असतो. ज्यांना तशी गटमान्यता नाही अशा देशांतून आलेल्यांचं प्रकरण मात्र व्यक्तिशः पात्रता समितीपुढे जातं आणि त्याला वेळ लागतो. असं कुटुंब तुमच्या दारात आलं तर कायदेशीर मदत देणाऱ्या संस्थेकडे त्याच दिवशी पाठवा. "होईल तुमचं काम" हे शब्द तुमच्या ऑफिसातल्या कुणाच्याही तोंडून जाता कामा नयेत. त्यांची हकीकत नोंदवहीत सविस्तर लिहून ठेवू नका आणि फोटो तर मुळीच काढू नका. दुभाषा निवडताना तो कुठल्या गावचा, कुठल्या जमातीचा हे आधी विचारा आणि समोरच्याला तो चालेल का तेही विचारा. मी याविषयी वकील म्हणून बोलत नाहीये, तुमच्या संस्थेतल्या, निर्वासितांच्या हक्कांचं बघणाऱ्या संरक्षण विभागाकडून खात्री करून घ्या.

एक किरकोळ गोष्ट. सुरुवातीला लोक भारतीय म्हणून तुम्हाला व्यापारी समजतील, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. तिथे भुईमूग आणि तीळ भरपूर पिकतो, कूट करून घ्या, जेवणाची आबाळ होणार नाही. मच्छरदाणीत मात्र रोज झोपा, मलेरिया तिथे फार आहे.

अधिकारांचं पत्र मागताना मसुदा लागला तर कळवा. माझ्याकडे जुना आहे, संस्थेचं नाव काढून देतो. पण ते काम याच महिन्यात करा, डिसेंबरपर्यंत थांबू नका.