महाबळेश्वरला बारा महिने राहणं कसं असतं? पुणे सोडून यावं का?

तुम्ही लिहिलंय की पुण्यात आयटीत आहात, काम घरूनच चालतं, पहिलीतली मुलगी आहे, आणि परदेशात स्कीइंगच्या गावात बारमाही राहणाऱ्या मित्राचे फोटो बघून आपणही महाबळेश्वरला कायमचं जावं असं घरात घाटतंय. मी मूळची सांगलीची, लग्न करून इथं आले. सासरचं बाजारात चपला-पट्ट्यांचं दुकान आहे आणि घरामागच्या खोल्या आम्ही सीझनला भाड्यानं देतो. हे उत्तर दुकानदाराच्या घरातून येतंय, हे लक्षात ठेवून वाचा.

आधी तुमच्या मित्राच्या गावाचं. तिथं वरून जे पडतं त्यावरच गाव जगतं. बर्फ पडला की हॉटेलं भरतात, वितळायला लागला की चिखलाच्या दिवसांत निम्मं गाव कुलूप लावून जातं. आपल्याकडे वरून पडायला लागलं की धंदा बसतो. दिवाळी, नाताळ, मे महिना हा आमचा सीझन. जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात बाजारपेठेत दुकानांवर निळे-काळे प्लास्टिकचे कागद चढायला लागतात. पूर्वी घरांच्या भिंती गवतानं शाकारून घेत, आता कागद आणि बांबूच्या पट्ट्या. बरीच कुटुंबं वाईला, साताऱ्याला, पाचगणीला उतरतात. टॅक्सीवाल्यांपैकी कितीतरी जण चार महिने पुण्यात गाडी चालवतात. हल्ली शनिवार-रविवारी धुक्यात भिजायला येणारी मंडळी वाढलीत, पण मंगळवारी दुपारी बाजारात चहा मिळेल याची खात्री नाही.

तुमचा प्रश्न खरा आहे तो या चार महिन्यांचा. बाकीचे आठ कुणालाही जमतात.

इथला वर्षाचा सरासरी पाऊस साडेपाच ते सहा हजार मिलिमीटरच्या घरात, आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. जुलै २०२१ मध्ये २४ तासांत ५९४ मिलिमीटर पडला. माझ्या सांगलीत जवळजवळ एवढा वर्षभरात पडतो. आंबेनळी घाटात दरडी कोसळल्या, रस्ता वाहून गेला आणि पोलादपूरकडची वाट बरेच दिवस बंद राहिली. तापोळ्याकडच्या कित्येक गावांचा संपर्क तुटला. आम्ही घरात सुखरूप होतो, फक्त वीज नव्हती, फोन नव्हता, आणि छपरावरच्या आवाजात शेजारच्या खोलीतून मारलेली हाक ऐकू येत नव्हती.

सांगलीत पावसाळ्यात पेपर उघडला की आधी कोयना, नवजा आणि महाबळेश्वरचे पावसाचे आकडे बघायचे, मग सांगलीतल्या कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची पातळी, हे मी लहानपणापासून बघत आले. वेण्णा माहुलीला कृष्णेला मिळते, कोयना कराडला मिळते, आणि ते सगळं मिळून आमच्या दारात येतं. २०१९ ला पुलाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. त्या दिवसांत आईचा फोन लागला की पहिला प्रश्न, ‘तुमच्याकडचा थांबला का?’ जसा काही नळ माझ्या हातात होता!

पण दरड, पूर या बातमीतल्या गोष्टी झाल्या. माणूस कंटाळतो तो ओलीला. मिठाला पाणी सुटतं, पापड हातात वाकतो, काडेपेटी ओढली की गुल निघून येतो. कपाटातले चामड्याचे बूट आठवडाभर बघितले नाहीत की पांढरे होतात, आणि आमचा तर धंदाच चामड्याचा. माल उंच फळीवर, दोन-दोन पिशव्यांत बांधून ठेवतो, तरी ऑगस्टात एकेक जोड काढून पुसत बसावं लागतं. मुलांच्या वह्यांची पानं एकमेकांना चिकटतात. सूर्य दिसला नाही असे आठवडे जातात.

कपडे वाळवण्याचं सविस्तर सांगते, कारण नवीन आलेल्यांचं पहिलं रडगाणं तेच असतं. शेगडीत कोळसा पेटवायचा, धूर पूर्ण जाऊन लाल निखारा झाला की शेगडी आत आणायची, वर बांबूचं मोठं डालगं पालथं घालायचं आणि त्यावर कपडे पसरायचे. खिडकी किलकिली ठेवायचीच, आणि ज्या खोलीत झोपायचं तिथं शेगडी ठेवायची नाही. बंद खोलीत कोळशाच्या वायूनं माणूस झोपेतच दगावतो. आधी मुलांचे शाळेचे कपडे, मग मोजे, जीन्स सगळ्यांत शेवटी. खरं तर पावसाळ्यात जीन्स वापरूच नका. आमच्याकडे मशीनचा ड्रायर आहे, पण झाड तारेवर पडलं की तो कोपऱ्यात शोभेला. आमच्या सासूबाई तर मेमध्येच कोळशाचं पोतं आणून ठेवतात. त्याच्याबरोबर डाळी, तांदूळ, गहू, तेल, सुकट, मेणबत्त्या, सगळी पावसाळ्याची बेगमी. मला सुरुवातीला ते जुन्या वळणाचं वाटायचं. आता यादी मीच करते.

तुमच्या कामाचं म्हणाल तर सीझनमध्ये नेट चांगलं चालतं. जुलैत दिवसभर जाईल असं धरूनच चला. इन्व्हर्टर मोठा घ्या आणि साहेबांना आधी सांगून ठेवा. मुलीच्या शाळेचं फार अवघड नाही. इथं शाळा आहेत, पाचगणी तर शाळांचंच गाव. अतिवृष्टीच्या इशाऱ्याला सुट्ट्या पडतात, तेवढं सोडा. दवाखान्याचं मात्र नीट बघा. ताप-खोकल्याला इथं सोय आहे, त्यापुढचं काही असलं की वाई नाहीतर सातारा. वाई ३०-३२ किलोमीटर, वाटेत पसरणीचा घाट. सातारा केळघर-मेढ्यावरून ५५ किलोमीटरच्या आसपास, तोही घाटच. रात्री, पावसात, धुक्यात या किलोमीटरला काही अर्थ राहत नाही. बाळंतपणाला मी मे संपायच्या आतच माहेरी उतरले होते. इथल्या बहुतेक सुना असंच करतात. घरात दम्याचं किंवा सांधेदुखीचं माणूस असेल तर पुढचं वाचूच नका, पुण्यातच राहा.

सीझनचीही एक वेगळी तऱ्हा आहे. २०११ च्या जनगणनेत या गावची लोकसंख्या तेरा हजारांच्या आसपास होती. नाताळच्या आठवड्यात वेण्णा लेकपासून पाचगणीच्या दिशेनं गाड्यांची जी रांग लागते, ती बघून हे तेरा हजार कुठं दडलेत असा प्रश्न पडावा. भाजीचा, रिक्षाचा, सगळ्याचाच भाव पाहुण्याला बघून ठरतो. दुकानदार तुम्हाला ओळखायला लागला की दर उतरतो, पण त्याला एक पावसाळा जावा लागतो. ऑगस्टात ज्यांनी तुम्हाला गळक्या छत्रीतून दूध आणताना बघितलं, ते डिसेंबरात तुम्हाला पाहुण्याचा भाव लावत नाहीत. पाण्याचीही गंमत आहे. एवढा पाऊस पडूनही मे महिन्यात पाणी जपूनच वापरावं लागतं, कारण हा डोंगर पाणी धरून ठेवत नाही, आणि वेण्णा तलावावर आम्हीही आणि पाचगणीही.

आता चांगलं सांगते, नाहीतर म्हणाल ही बाई गावाला नावंच ठेवते. गणपती ते दिवाळीच्या मधले दिवस माझे सगळ्यांत आवडते. पाऊस ओसरलेला, पाहुणे यायचेत, लिंगमळ्याचा धबधबा भरून वाहतोय, आणि शेतात काळ्या कागदावर स्ट्रॉबेरीची रोपं लागताहेत. नोव्हेंबर-डिसेंबरात फळ सुरू होतं. २०१० मध्ये इथल्या स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून बोर्डावरची अक्षरं मोठी झालीत. विकत घ्यायची तर क्रीमवाल्या स्टॉलवर न जाता सकाळी शेतातूनच घ्या. थंडीत वेण्णा लेकच्या काठाला दव गोठतं आणि चॅनेलवाले त्याला बर्फ म्हणतात. पुढचे दोन दिवस लोक आम्हाला विचारत फिरतात, बर्फ कुठाय? सकाळी नऊपर्यंत विरघळलं हे सांगितलं की आमच्यावरच रागावतात.

गव्यांचीही सवय करून घ्या. संध्याकाळी बांधावर उभा असेल तर गाडी थांबवा, दिवे विझवा, हॉर्न वाजवू नका. फोटोसाठी खाली उतरणारे असतात. त्यांना काय म्हणावं!

जागा घेऊन छोटंसं घर बांधू, असंही तुमच्या प्रश्नात शेवटी आहे. ते मनातून काढा, निदान सध्या तरी. महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ पासून इको-सेन्सिटिव्ह झोन आहे. बांधकाम, झाडतोड, डोंगरउतार खोदणं, बोअर घेणं, सगळ्यावर बंधनं आहेत. शेतजमीन शेतकरी असल्याशिवाय तुमच्या नावावर होत नाही, आणि जुने बंगले बरेचसे सरकारी भाडेपट्ट्यावरचे. ‘सगळं करून देतो’ म्हणणारे भेटतील, तेवढ्याच जोरात हात झटकणारेही तेच असतात.

भाड्यानं राहा. आणि महाबळेश्वरचा हट्ट नसेल तर पाचगणी किंवा भिलारला बघा, तेच पुस्तकांचं गाव. पाऊस तिथंही आहे, पण आमच्या निम्म्याहून कमी, आणि वाई हाताशी. मी तुमच्या जागी असते तर तिथंच पाहिलं असतं. माझं दुकान इथं आहे म्हणून मी इथं आहे.

घर बघायला मेमध्ये येऊ नका. मेमध्ये इथली प्रत्येक खोली सुंदर दिसते. ऑगस्टात, आठवड्याच्या मधल्या वारी या, दोन रात्री राहा. पश्चिमेकडच्या भिंतीला तळहात लावून बघा, कपाट उघडून वास घ्या, वीज गेली तर परत कधी येते ते बघा. आणि घरमालकाला विचारा की पावसाळ्यात तो स्वतः कुठं राहतो. ‘वाईला’ म्हणाला तर भाडं कमी करून मागा.