ऑटोमॅटिक मशीन आलं की काजू कटिंग करणाऱ्या बायकांनी काय शिकावं?

तुमच्या वहिनी वेंगुर्ल्याजवळच्या काजू कारखान्यात कटिंगला, म्हणजे बी फोडून गर काढायला आहेत, तिथे ऑटोमॅटिक मशीन येतंय आणि त्यांनी आता काय शिकावं, असं तुम्ही विचारलंय. मी सावंतवाडीकडे अशाच एका युनिटमध्ये सुपरवायझर आहे.

कटिंगचं काम कमी होणार हे धरूनच चला. तिथे मजुरी किलोवर, आणि वेगात मशीनचा हात कुणी धरू शकत नाही. पण वहिनींना नुसतं फोडणं येत नाही, त्यांना बी कळते. वाफ कमी लागली की टरफल चिवट लागतं, वाफवल्यावर बी नीट सुकली नाही तर गर टरफलाला धरून तुटतो. जुन्या बायका हे पहिल्या मूठभर बियांतच सांगतात.

मशीनच्या पात्यांमधलं अंतर आधी ठरवावं लागतं, त्यासाठी बी आकारानुसार चाळून घ्यावी लागते. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राच्या वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ या जातींची बी टपोरी, गावठी बी बारीक आणि वेडीवाकडी. आपल्याकडे दोन्ही एकाच पोत्यात येतात. सेटिंग चुकलं की गराचा तुकडा. भाव अख्ख्या गराला असतो, त्याचाच एक ग्रेड डब्ल्यू-३२०, म्हणजे पौंडाला ३०० ते ३२० अख्खे गर. तुकड्याला त्या मानानं भाव फार कमी.

तरी सेटिंगला बहुतेक ठिकाणी आयटीआय झालेला मुलगा ठेवतात. त्याला नट-बोल्ट कळतात, बी कळायला एक हंगाम जातो. आणि जिला बी कळते तिला न फुटलेल्या बिया निवडायला बसवतात, तेही कमी मजुरीवर. मला हे अजिबात पटत नाही. आमच्याकडे कटिंगच्याच एका काकींना पाना धरायला शिकवलं. आता घाणा, म्हणजे बियांची खेप बदलली की पहिल्या बिया त्या हातात घेऊन बघतात, मगच मशीन सुरू होतं.

म्हणून वहिनींना मालकांशी आत्ताच बोलायला सांगा, मशीन बसल्यावर कामं वाटून झालेली असतात. मशीन जोडायला कंपनीचा माणूस येईल तेव्हा त्यांनी तिथे उभं राहायचं, पाती काढणं-लावणं बघून घ्यायचं. ग्रेडिंगही, म्हणजे आकार-रंग बघून गर वेगळे करणंही शिकावं, कलर सॉर्टर (रंगावरून गर निवडणारं मशीन) छोट्या युनिटला सहसा परवडत नाही, तिथे अजून नजरच चालते. आणि सेटिंगला घेतलं तर मजुरी रोजावर ठरवून घ्या. पाती जुळवण्यात गेलेला तास किलोत मोजला जात नाही.