आधी प्लग, मग मॅप

टर्बो पेट्रोल गाड्यांबद्दल प्रश्न मागवले, तर निम्म्याहून जास्त पत्रं सहा सिलिंडरवाल्या बीएमडब्ल्यूंचीच आली. म्हणून आजचा सगळा स्तंभ त्यांनाच.

प्रश्न (पुणे): २०२१ची एम३४०आय आहे, ३८ हजार किलोमीटर झालेत. मित्र म्हणतो, ‘स्टेज वन’ केलं की गाडी वेगळीच होते. करू का? सोबत मोठा इंटरकूलरही (टर्बोची तापलेली हवा थंड करणारा भाग) बसवावा म्हणतो.

मित्राचं चुकत नाही. ‘स्टेज वन’ म्हणजे इंजिनाच्या संगणकात जास्त ताकदीचा नवा प्रोग्रॅम, म्हणजेच मॅप, टाकणं. या गाडीतलं बी५८ इंजिन २९९८ सीसीचं आहे, कंपनीतून ३८७ अश्वशक्ती आणि ५०० न्यूटन-मीटर देतं. ब्लॉक मजबूत आहे. टोयोटानेही नव्या सुप्रात हेच इंजिन घेतलं, ते काही उगाच नाही. पण मॅप टाकायच्या आधी तीन गोष्टी बघा.

पहिली, पेट्रोल. बूस्ट म्हणजे टर्बोने आत ढकललेल्या हवेचा दाब. तो वाढला की सिलिंडरमध्ये जास्त उष्णता, आणि पेट्रोलची ती सोसायची क्षमता, म्हणजे ऑक्टेन, कमी पडली की नॉकिंग, म्हणजे मिश्रण भलत्या वेळी आपोआप पेटणं. नॉकिंग ऐकू आलं की इंजिनाचा संगणक ठिणगी उशिरा टाकतो, म्हणजे विकत घेतलेली ताकद तोच परत काढून घेतो. पुण्यात ९७, ९९, १०० ऑक्टेनचं पेट्रोल मिळतं, पण सगळ्या पंपांवर नाही. मॅप ९९ साठी केलात आणि कोकणात गावाकडे जाताना साधं पेट्रोल भरलंत, तर तो मॅप तुमच्या कामाचा नाही. कमी ऑक्टेनचा दुसरा मॅप सोबत घ्याच.

दुसरी, संगणकाचं कुलूप. २०२०च्या मध्यानंतरच्या गाड्यांचा संगणक कुलूपबंद होऊन येतो, ओबीडी पोर्टमधून (स्कॅनर जोडायच्या सॉकेटमधून) थेट मॅप जात नाही. तो काढून, उघडून घ्यावा लागतो. ‘अर्ध्या तासात करून देतो’ म्हणणारा बहुतेक पिगीबॅक डबा लावतोय. तो डबा प्रेशर सेन्सरचा आकडा कमी करून दाखवतो आणि इंजिन आपणहून बूस्ट वाढवतं. चालतं, पण आपण काय लावलंय ते माहीत असावं.

तिसरी, स्पार्क प्लग. इथे माझीच फजिती सांगतो. सुरुवातीच्या काळात एका गाडीत मी प्लगचा गॅप, म्हणजे ठिणगी उडते ती फट, कंपनीचाच ठेवून मॅप टाकला. पाच हजार आरपीएमला गाडी उचक्या द्यायची. दोन दिवस मी फ्युएल पंपावर संशय घेत बसलो. शेवटी प्लग काढले. दाब वाढल्यावर तेवढ्या गॅपमध्ये ठिणगी टिकतच नव्हती. गॅप कमी केला आणि उचक्या थांबल्या. ट्यून केलेल्या गाडीत नवे, एक पायरी थंड (उष्णता लवकर बाहेर टाकणारे) प्लग टाका आणि साधारण ३० हजारांवर बदला.

इंटरकूलरचं म्हणाल, तर बीएमडब्ल्यूच्या जुन्या एन५५ इंजिनात हवेने थंड होणारा इंटरकूलर बंपरमागे असायचा, तो मोठा करता यायचा. बी५८ मध्ये तो इनटेक मॅनिफोल्डमध्येच आहे आणि पाण्याने थंड होतो. त्यामुळे तुम्हाला हवा तर पुढचा, त्या पाण्याचा रेडिएटर मोठा हवा. मे महिन्यात चांदणी चौकात वीस मिनिटं अडकलात की आत येणारी हवा किती तापते, ते आधी स्कॅनरवर बघा. मग पैसे खर्च करा.

आणि ताकदीची आधी-नंतरची नोंद डायनोवरच घ्या, म्हणजे गाडी जागेवर चालवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर. चौथ्या गिअरमध्ये साडेसहा हजारांपर्यंत खेचणं हे मुंबई-बंगळुरू हायवेवर करायचं काम नाही.

प्रश्न (कोल्हापूर): घाट चढून आल्यावर गाडी लगेच बंद करू नये म्हणतात. खरं का? आणि ऑइल कितीला बदलावं? डिपस्टिकच सापडत नाही.

डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी बघायची काडी, नाहीच आहे. पातळी पडद्यावर बघायची, इंजिन गरम आणि गाडी सपाट जागी असताना. ऑइल मॅन्युअलमधल्या लाँगलाइफ मानकाचंच घ्या. मूळ गाडीत मी १० हजारांवर बदलतो, ट्यून केलेलीत ८ हजारांवर. पडदा अजून वेळ आहे म्हणत असला तरी.

घाटाचं अर्धं खरं. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे मारतो आणि ऑइलवरच तरतो. हल्ली इंजिन बंद झाल्यावरही विजेवरचा पंप टर्बोभोवती कुलंट फिरवत राहतो, त्यामुळे जुन्या डिझेल जीपसारखं पाच मिनिटं उभं राहायची गरज नाही. आंबा घाट दाबून चढलात, तर शेवटचे दोन किलोमीटर सावकाश चालवा, बस्स.

प्रश्न (न्यू जर्सी): २००८ची ३३५आय घेतली, ९२ हजार मैल. सकाळी स्टार्टर बराच वेळ फिरतो, आणि ॲक्सिलरेटर सोडला की डब्यात नाणी खुळखुळावीत तसा आवाज येतो.

हा एन५४, दोन टर्बोवाला. आवडीचं इंजिन, पण खिशाला चाट लावणारं. सकाळचं लांबलेलं स्टार्ट बहुतेक हाय-प्रेशर फ्युएल पंपाचं. या पंपासाठी अमेरिकेत २०१० मध्ये रिकॉल झाला होता. तुमच्या गाडीचं काम झालंय का, ते चॅसी क्रमांकावरून डीलरकडे विचारा. रेल प्रेशरचा (इंजेक्टरकडे जाणाऱ्या पेट्रोलच्या दाबाचा) आकडा स्टार्ट होताना बघितला की निदान होतं. अंदाजाने पंप बदलू नका, इंजेक्टर गळत असला तरी हीच लक्षणं.

खुळखुळाट वेस्टगेटचा, म्हणजे जास्तीचा धूर टर्बोला वळसा घालून सोडणाऱ्या झडपेचा. तिच्या दांड्याचा बुश झिजतो. नुसता आवाज असेल आणि बूस्ट पुरेसा येत असेल, तर रॉड ॲडजस्ट करून काही काळ निभावतं. ३०एफएफ (बूस्ट कमी पडतोय) हा कोड येऊ लागला, तर आधी व्हॅक्यूमचे पाइप तपासा, मगच टर्बोच्या खर्चाची तयारी ठेवा.

विजेवरचा वॉटर पंप बदलल्याची पावती आहे का? नसेल, तर थंडीच्या आधी पंप आणि थर्मोस्टॅट एकदम बदला. तो इशारा न देता जातो. आणि इनटेक व्हॉल्व्ह उघडून बघा. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, व्हॉल्व्ह धुतलेच जात नाहीत. करपलेल्या पातेल्याच्या तळासारखा थर असतो. तो अक्रोडाच्या कवचाचा भुगा मारून काढतात.

प्रश्न (नाशिक): कॅट (धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) काढून मोकळा डाउनपाइप (टर्बोनंतरचा धुराचा पाइप) लावला तर पकडतात का?

पकडतात की नाही यापेक्षा, ते बेकायदा आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि जानेवारी २०१९चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, दोन्ही मूळ तपशिलाविरुद्ध बदल करायला मनाई करतात. २०१९च्या दुरुस्तीनंतर प्रत्येक बदलाला पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद. अपघात झाला तर विमा कंपनी हाच मुद्दा काढेल. मी लावून देत नाही. गिऱ्हाईक नाराज होऊन जातं, जाऊ दे.

प्रश्न (डोंबिवली): ‘फुस्स’ आवाजाचा ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह (बूस्टची जास्तीची हवा बाहेर सोडणारा) लावू का?

तुमची गाडी एन५५ची आहे, तिच्यात हवा मोजणारा सेन्सर आहे. मोजलेली हवा बाहेर सोडलीत की मिश्रणात पेट्रोल जास्त होतं, काळा धूर आणि अडखळणं. मूळ व्हॉल्व्ह हवा परत आत वळवतो, तो तसाच ठेवा. तेवढ्या पैशात बूस्टचा प्लॅस्टिकचा चार्ज पाइप बदलून ॲल्युमिनियमचा घ्या. तो फुटला की गाडी भर पावसात शिळफाट्यावर थांबते आणि टो व्हॅन तासाभराने येते.