गॉडझिलाचे संगीतकार खरोखर वनाधिकारी होते का, आणि राक्षसपटांखेरीज त्यांनी काय केले?

होय, ते खरे आहे. १९५४ सालच्या पहिल्या गॉडझिला चित्रपटाला संगीत देणारे अकिरा इफुकुबे यांनी संगीताचे विद्यालयीन शिक्षण घेतलेले नव्हते. साप्पोरोच्या विद्यापीठातून त्यांनी वनशास्त्राची पदवी घेतली आणि त्यानंतर काही वर्षे होक्काइदो बेटावरील आक्केशी येथे वनखात्यात नोकरी केली. आपल्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाचे उत्तर मात्र थोडे सविस्तर द्यावे लागेल, कारण ‘राक्षसपट’ आणि ‘राक्षसपटांखेरीज’ अशी त्यांच्या कामाची वाटणी करता येते असे मला वाटत नाही.

इफुकुबे यांचा जन्म १९१४ साली होक्काइदोतील कुशिरो येथे झाला. वडील ओतोफुके या गावाचे प्रमुख असल्यामुळे बालपण तिथे गेले आणि त्या भागातील मूळ रहिवासी असलेल्या आइनू लोकांची गाणी व नाच लहानपणीच त्यांच्या कानांवर आणि नजरेस पडले. एखादा छोटा स्वरसमूह घ्यायचा, तो पुन्हा पुन्हा म्हणत राहायचा आणि त्या आवर्तनातूनच ताण वाढवत न्यायचा, ही त्यांच्या संगीताची ओळख ठरलेली रीत मला या बालपणाशी जोडलेली दिसते. पाश्चात्त्य वाद्यवृंदाचे तंत्र ते स्वरलिपी आणि ध्वनिमुद्रिका यांच्या आधारे स्वतःच शिकले. १९३५ साली रशियन संगीतकार अलेक्झांडर चेरेपनिन यांनी जपानी संगीतकारांसाठी ठेवलेल्या स्पर्धेत एकवीस वर्षांच्या या तरुणाच्या ‘जपानी रॅप्सोडी’ या वाद्यवृंदासाठीच्या रचनेला पहिले पारितोषिक मिळाले. पुढच्या वर्षी ती रचना बॉस्टनमध्ये वाजली, तेव्हा तिचा कर्ता संगीताला पूर्ण वेळ वाहून घेणारा नव्हता, ही गोष्ट मला आजही नवलाची वाटते.

जंगल सुटले ते आजारपणामुळे. युद्धकाळात लाकडाच्या गुणधर्मांवरील सरकारी संशोधनात ते क्ष-किरणांजवळ पुरेशा संरक्षणाविना काम करीत होते आणि युद्ध संपताच त्यांची प्रकृती ढासळली. त्याआधी, १९४२ साली, त्यांचे थोरले बंधू इसाओ हेही किरणोत्साराच्या दुष्परिणामांनी गेले होते. मार्च १९५४ मध्ये बिकिनी बेटाजवळच्या हायड्रोजन बॉम्बच्या चाचणीची राख एका जपानी मासेमारी नौकेवर पडली आणि त्याच वर्षी, अशाच चाचण्यांनी जागा झालेल्या प्राण्याची कथा इफुकुबे यांच्याकडे आली. आधीचे हे दोन प्रसंग माहीत असले की त्या संगीतातील गांभीर्य कुठून आले असेल, याचा अंदाज बांधता येतो.

१९४६ साली त्यांना तोक्योच्या संगीत विद्यालयात अध्यापकाची जागा मिळाली; यासुशी आकुतागावा आणि तोशिरो मायुझुमी हे नंतर नावारूपाला आलेले संगीतकार तिथे त्यांचे विद्यार्थी होते. चित्रपटांत त्यांचा प्रवेश १९४७ साली सेनकिची तानिगुची यांच्या एका चित्रपटापासून झाला. कथा हिमाच्छादित डोंगरात लपलेल्या दरोडेखोरांची, पटकथा अकिरा कुरोसावा यांची. त्यातील बर्फावर घसरण्याच्या आनंदी प्रसंगाला दिग्दर्शकाला उडते, खेळकर संगीत हवे होते; इफुकुबे यांनी मात्र एकाकी, उदास सुरावट लिहून आणली. वाद ध्वनिमुद्रणाच्या दिवशीच पेटला, कुरोसावांनी मध्यस्थी केली आणि उदास सुरावट राहिली. पळ काढणाऱ्या माणसाला मिळालेला तो क्षण किती अल्पायुषी आहे हे त्या सुरावटीमुळेच कळते, म्हणून माझे मत संगीतकाराच्या बाजूने आहे. चित्रपट-संगीत प्रसंगाच्या सोबतीने जसे चालू शकते तसे त्याच्या विरुद्ध जाऊनही भाव गडद करू शकते, हे तत्त्व त्यांनी पुढे सविस्तर मांडले.

आता गॉडझिला. जपानीत त्याचे नाव ‘गोजिरा’ (मराठी कानाला ते उगाचच गोजिरवाणे वाटते). मुख्य सुरावटीचे बीज तीनच उतरत्या स्वरांचे आहे. पेटीवर पांढरी एक ‘सा’ धरली तर सा-नी-ध. जपानी माणूस तेच ‘दो-शि-रा’ म्हणतो, म्हणजे ‘गोजिरा’शी यमकही जुळते. मी पेटीवर ते वाजवून पाहतो तेव्हा दर वेळी ठेक्याशी अडखळतो, कारण आधी चार मात्रा आणि मग पाच असे ते वजन आहे. कान समेची वाट पाहतो आणि ती एक मात्रा उशिरा येते. त्या प्राण्याच्या डरकाळीची कल्पनाही त्यांचीच. खऱ्या जनावरांचे आवाज फसल्यावर डबल बास या व्हायोलिनसारख्या पण खूप मोठ्या, खर्जातल्या वाद्याची तार राळ लावलेल्या चामडी हातमोज्याने घासून तो आवाज मिळवला गेला आणि ध्वनिफितीची गती बदलून त्याला रूप दिले गेले. युद्धकाळात नौदलासाठी लिहिलेल्या एका रचनेतील सुरावटही त्यांनी याच चित्रपटात युद्धनौकांसाठी वापरली.

त्याच १९५४ साली त्यांनी आइनूंच्या पाय आपटत करायच्या नाचावरून नाव घेतलेली ‘सिन्फोनिया ताप्कारा’ ही वाद्यवृंदासाठीची रचना पूर्ण केली. ती आणि गॉडझिला लागोपाठ ऐका. तोच जड पदन्यास दोन्हीकडे सापडेल. एक ‘गंभीर’ आणि दुसरे पोटासाठी, असे म्हणायला मला जागा दिसत नाही.

बाकीची यादी मोठी आहे. अडीचशेहून अधिक चित्रपट, त्यांत कोन इचिकावा यांचा १९५६ सालचा ‘बर्मी वीणा’ आणि १९६२ साली सुरू झालेली आंधळ्या तलवारबाज झातोइचीची मालिका. पुढे ते तोक्यो संगीत महाविद्यालयाचे प्रमुख झाले. १९९१ साली, सत्तरी उलटल्यावर, ते गॉडझिलाकडे परतले, १९९५ पर्यंत त्या मालिकेला अधूनमधून संगीत देत राहिले आणि २००६ साली तोक्योत निवर्तले.

कुठून सुरुवात करावी असे विचाराल, तर ‘जपानी रॅप्सोडी’पासून करावी. ती व्हायोलाच्या (व्हायोलिनहून जरा मोठ्या, खालच्या सुराच्या वाद्याच्या) एकट्या सुराने सुरू होते, तेव्हा पहिली काही मिनिटे धीर धरा. दुसऱ्या भागात तालवाद्ये एकदा उसळली की हा माणूस पुढे कोणासाठी संगीत लिहिणार होता, याचा सुगावा तिथेच लागतो.