‘मुलीनं असं गाणं गायलंय, आता लोकांना काय सांगायचं?’

मी समुपदेशनाचं काम करते, आणि हा प्रश्न अलीकडे माझ्याकडे वेगवेगळ्या रूपांत येतो. कुणाची मुलगी रीलवर नाचलेली असते, कुणाच्या मुलीनं वेब मालिकेत एखादा प्रसंग केलेला असतो. आईवडिलांना तिचा राग आलेला असतो आणि तिची काळजीही वाटत असते. दोन्हींची इतकी सरमिसळ झालेली असते की बोलायला बसलं की आधी राग बाहेर पडतो आणि काळजी आतच राहते. आज ज्या घराबद्दल लिहितेय, त्या घरानं मला लिहायची परवानगी दिली आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगी सव्विशीची. संगीत विशारद, पुण्यात राहणारी, जिंगल आणि डबिंगच्या कामांवर स्वतःचं घरभाडं भरणारी. वडील सातारा जिल्ह्यातल्या एका गावात भजनी मंडळात पेटी वाजवतात. तिचा पहिला ‘सा’ त्याच पेटीवर लागला. गेल्या पावसाळ्यात तिचं पहिलं स्वतंत्र गाणं आलं. पावसाची रात्र, दोघं एकत्र, आणि अर्धंअधिक गाणं श्वासात, कुजबुजल्यासारखं. त्यातल्या काही ओळी तिनंच लिहिलेल्या. मध्यरात्री गाणं सगळ्या ॲपवर आलं आणि सकाळपासून त्याचे रील फिरायला लागले. ती खूश होती. मग कुणीतरी ते गावाकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं.

वडिलांनी तिचे फोन उचलणं बंद केलं. आई मागच्या अंगणात जाऊन दबक्या आवाजात बोलायची. मंडळातल्या एकानं ‘पोरगी लई पुढं गेली तुमची’ असं म्हटलं आणि वडील त्या रात्री न जेवता झोपले, हे आईनंच तिला सांगितलं.

माझ्याकडे ती आली तेव्हा झोप जवळजवळ उडालेली होती. रात्री दोन-तीन वाजेपर्यंत ती कमेंट वाचायची. चांगल्या कमेंट शेकड्यांनी होत्या, पण त्यातली एकही तिला आठवत नव्हती. वाईट मात्र तोंडपाठ होत्या. आपलं मन धोक्याची गोष्ट आधी टिपतं आणि घट्ट धरून ठेवतं, त्यात तिचा काही दोष नव्हता. सगळ्यात वाईट म्हणजे रियाज थांबला होता. आवाज लावला की गळा आवळल्यासारखा व्हायचा. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी तपासून घशात काही नाही असं सांगितलं होतं. ताणात जबडा, मान आणि गळ्याचे स्नायू आवळले जातात, आणि गायकाला ते सर्वांत आधी कळतं.

पहिल्याच भेटीत ती म्हणाली, “मॅडम, ती गाण्यातली बाई मी नसेन तर मी खोटं गायले. आणि मी असेन तर बाबांचं बरोबर आहे.”

या एका वाक्यात तिचा सगळा गुंता होता. कुठलंही उत्तर दिलं तरी ती हरणार, अशी मांडणी तिनं स्वतःच केली होती. अशा वेळी ‘लोकांकडे लक्ष देऊ नकोस’ हा सल्ला मी कधीच देत नाही. ज्या गावात आईवडील राहतात त्या गावाकडे लक्ष कसं देणार नाही? मी तिला एक कागद दिला. गाण्यातलं जे जे तिच्या मर्जीनं झालं ते एका बाजूला लिहायचं, जे तिला न विचारता झालं ते दुसऱ्या बाजूला.

पहिली बाजू तिनं भराभर लिहिली. चाल आवडलेली. ओळी माझ्या. श्वास कुठे सोडायचा ते मी ठरवलं. पावसाची कल्पना माझी. लिहिताना तिचा चेहरा मोकळा होत गेला, मध्ये एकदा तिनं ती ओळ गुणगुणलीही. दुसऱ्या बाजूला आल्यावर ती बराच वेळ थांबली. मग लिहिलं: थंबनेल, म्हणजे व्हिडिओ उघडण्याआधी दिसतं ते चित्र. चित्रीकरणातल्या एका क्षणाची, कॅमेरा खालून लावलेली एक चौकट निर्मात्यानं निवडली होती. त्यावर एक चावट मथळा. तिला दाखवलंही नव्हतं. गावात जे फिरत होतं ते गाणं नव्हतंच. फिरत होती ती चौकट.

ती तेव्हा रडली. इतके दिवस जिला ती लाज समजत होती, त्यातला मोठा भाग राग होता. तो राग काढायला जागा नव्हती म्हणून तिनं तो स्वतःवर काढला होता. माझ्या अनुभवात ही अदलाबदल फार वेळा होते, मुलींच्या बाबतीत तर नेहमीच. ‘माझ्याशी चुकीचं वागलं गेलं’ म्हणण्यापेक्षा ‘मीच वाईट’ म्हणणं आपण त्यांना लहानपणापासून सोपं करून ठेवलेलं असतं.

पुढच्या एका भेटीत मी तिला डॉना समरबद्दल सांगितलं. अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात वाढलेली, लहानपणापासून चर्चमध्ये गाणारी मुलगी. एका संगीतनाटकात काम करायला ती जर्मनीत म्युनिकला गेली आणि तिथे तिची गाठ जॉर्जिओ मोरोडर या संगीतकाराशी पडली. १९७५ साली दोघांनी ‘लव्ह टू लव्ह यू बेबी’ हे गाणं केलं. मुखड्याची ओळ तिनंच सुचवली होती. गाणं सुस्काऱ्यांनी भरलेलं. हे नमुन्याचं ध्वनिमुद्रण आहे, प्रत्यक्षात दुसरंच कुणी गाईल, असं तिच्या मनात होतं. संकोच इतका, की स्टुडिओतले दिवे मंद करून ती जमिनीवर आडवी पडून गायली. मॅरिलिन मन्रो हे कशी गाईल, अशी कल्पना तिनं केली होती. थोडक्यात, ती एक भूमिका वठवत होती.

पुढचं बाजारानं केलं. अमेरिकेतल्या कॅसाब्लांका कंपनीचे प्रमुख नील बोगार्ट यांनी गाणं लांबवायला सांगितलं आणि ते जवळजवळ सतरा मिनिटांचं झालं. बीबीसीनं वाजवायला नकार दिला, तरी ब्रिटनमध्ये ते चौथ्या क्रमांकापर्यंत गेलं. अमेरिकेत बिलबोर्डच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचलं. कंपनीनं तिची प्रतिमाही त्याच गाण्यातून घडवली, आणि ती प्रतिमा तिला जड गेली. यशाच्या त्याच वर्षांत आपण खोल नैराश्यात होतो, हे तिनं आत्मचरित्रात लिहिलंय. नंतर ती पुन्हा श्रद्धेकडे वळली आणि कितीतरी वर्षं तिनं ते गाणं मंचावर म्हटलं नाही. पुढे परत म्हणायला लागली.

मुलीनं विचारलं, “तिला पश्चात्ताप झाला होता का?”

मी तिला म्हटलं, डॉनाच्या मनातलं मी सांगू शकत नाही. पण कधी गायचं, कधी नाही आणि पुन्हा कधी, हे शेवटी तिनं ठरवलं. गाणं नाकारण्याचा हक्क तिचा होता, तसा परत घेण्याचाही. तुझं गाणं आज तुला नकोसं वाटलं तरी चालेल. फक्त ते गावाच्या भीतीनं नकोसं वाटतंय की तुझ्या मनानं, एवढं ओळखायला आपण वेळ घेऊ.

दरम्यान काही व्यवहाराच्या गोष्टी उरकल्या. कमेंट वाचायचं काम तिनं एका मैत्रिणीकडे दिलं आणि संध्याकाळनंतर फोन दुसऱ्या खोलीत ठेवायला लागली. एकानं तिचा चेहरा जोडून अश्लील चित्र बनवलं होतं. ते डिलीट करायच्या आधी स्क्रीनशॉट, लिंक आणि तारीख जपून ठेवायला मी सांगितलं. मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार केली. अश्लील मजकूर पसरवणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ खाली गुन्हा आहे, आणि बाईवर लैंगिक शेरेबाजी करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७५ खाली. मुलगी काय गायली यानं या कलमांत काही फरक पडत नाही, हे पालकांनी नीट लक्षात घ्यावं. झोप आणि भूक दोन-तीन आठवडे परत येत नसेल, किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर थांबू नका, मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

वडील यायला तयार होत नव्हते. आईनं त्यांना आणलं. ते आले आणि खुर्चीच्या कडेला बसले. मी गाण्याचा विषय काढला नाही, पेटीचा काढला. कुठले अभंग म्हणता असं विचारल्यावर ते विरहिणींबद्दल बोलायला लागले. ज्ञानोबा बाईच्या तोंडून बोलतात, चंदन नको, चांदणं नको म्हणतात, आणि ते वाजवताना कसं भरून येतं, हे त्यांनी फार छान सांगितलं. जनाबाईचा पदर खांद्यावर आलेला तो अभंगही त्यांनीच काढला. मी विचारलं, मग गाण्यात बोलणारी बाई आणि गाणारा माणूस वेगळे असू शकतात ना? ते ताडकन म्हणाले, “ते देवासाठी असतं.” मी वाद घातला नाही. फरक आहे, आणि त्यांच्यासाठी तो मोठा आहे.

तेव्हा आई बोलली. तोवर ती गप्पच होती. “आणि सुलोचनाबाई? त्यांच्या लावण्या तुम्हीच रेडिओवर लावायचात.”

सुलोचना चव्हाण म्हणजे लावणीसम्राज्ञी, २०२२ साली पद्मश्री मिळालेल्या. शृंगाराची एकही छटा त्यांनी गाण्यात सोडली नाही आणि मंचावर त्या डोक्यावरचा पदर ढळू न देता उभ्या राहून गायच्या.

वडील म्हणाले, “त्यांच्या डोक्यावर पदर होता.”

मुलगी म्हणाली, “बाबा, म्हणजे तुम्हाला त्रास गाण्याचा झाला नाही. फोटोचा झाला. मलाही त्याचाच झाला. तो मी निवडलेला नव्हता.”

वडिलांना हे ठाऊकच नव्हतं. तिनं हौसेनं तो फोटो लावला असं ते धरून चालले होते, आणि तिनं ते सांगावं इतकं बोलणंच झालं नव्हतं. त्यांचा राग एकदम निर्मात्याकडे वळला, त्याचा नंबर दे म्हणाले. तो नंबर मी देऊ दिला नाही. पण बापाचा राग आपल्या बाजूनं आहे हे त्या दिवशी मुलीला पहिल्यांदा दिसलं, आणि गळा सुटायला तिथून सुरुवात झाली असं मला वाटतं. हळूहळू रियाज पुन्हा सुरू झाला, आधी फक्त खर्ज.

बाकी सगळं गोड झालं असं नाही. वडिलांनी ते गाणं अजून ऐकलेलं नाही आणि ऐकणार नाही असं सांगितलंय. ऐकायलाच हवं असा आग्रह मी धरला नाही, मुलीनंही नाही. मुलीच्या प्रत्येक कामाचा श्रोता बाप असलाच पाहिजे असं नाही. शृंगाराच्या गाण्याला तर तो नसणं दोघांनाही सोयीचं असू शकतं. आपल्याला आवडलं नाही हे सांगावं, पण बोलणं बंद करू नये, एवढंच मी पालकांकडे मागते. अबोला मुलीला सुधारत नाही, एकटी पाडतो. आणि एकट्या पडलेल्या मुलीला त्रास देणं ऑनलाइन माणसांना फार सोपं जातं.

लोकांना काय सांगायचं, हे आईवडिलांनी माझ्यासमोर बसूनच ठरवलं. खुलासा द्यायचा नाही, माफी मागायची नाही. मंडळात पुन्हा कुणी विषय काढला तेव्हा वडील म्हणाले, “तिचं काम आहे, पुण्याला गेलात की तिलाच विचारा.” विचारणारा पुढे काही बोलला नाही.

निर्मात्याशी पत्रव्यवहार झाला, थंबनेल बदललं. दुसऱ्या गाण्याच्या करारात तिनं एक कलम घालून घेतलंय. पोस्टर, थंबनेल आणि मथळा तिच्या लेखी मंजुरीशिवाय बाहेर जाणार नाही. ते गाणंही शृंगाराचंच आहे.