हेबियस कॉर्पसमधला देह कुणाचा?

प्रश्न असा आला आहे : ‘हेबियस कॉर्पस’ या न्यायालयीन हुकमाच्या लॅटिन नावाचा शब्दशः अर्थ ‘तुझ्याजवळ देह असू दे’ असा सापडला. हे अर्धवट वाक्य कायद्यात कसं काय चालतं? आणि देह म्हणजे प्रेत का?

प्रेताचं आधी उरकू. लॅटिनमध्ये ‘कॉर्पस’ जिवंत देहालाही चालतो, मेलेल्यालाही. इंग्रजीत प्रेताला ‘कॉर्प्स’ म्हणतात, तो फ्रेंचमार्गे याच घराण्यातून आलेला, घोटाळा त्याचाच. इथे देह धडधाकट हवा. ज्याच्या कैदेत माणूस आहे त्याला न्यायालय बजावतं : त्याला सदेह घेऊन हजर हो, आणि का धरलंस ते सांग.

अर्धवट वाक्याचं नवल मात्र आपल्याला वाटायला नको. ‘भीमरूपी म्हण’ म्हटलं की पोर अख्खं मारुतिस्तोत्र म्हणतं. केनोपनिषदाचं नाव ‘केन’ या पहिल्या शब्दावरून, तेही तृतीया विभक्तीसकट. लॅटिन हुकमांची आणि प्रार्थनांची नावं अशीच, मजकुरातला ठळक शब्द उचलून पडली. ‘मँडॅमस’, म्हणजे अधिकाऱ्याला त्याचं कर्तव्य करायला लावणारा न्यायालयाचा हुकूम, शब्दशः ‘आम्ही आज्ञा करतो’. ‘ॲफिडेव्हिट’ म्हणजे ‘त्याने शपथेवर सांगितलं आहे’, अख्खं क्रियापद. आपण खुशाल ‘ॲफिडेव्हिट करून आणा’ म्हणतो! चर्चमधलं ‘रेक्विएम’, म्हणजे मृतांसाठीची प्रार्थना, हे ‘त्यांना चिरविश्रांती दे’ या प्रार्थनेतलं ‘विश्रांती’, द्वितीयेत. औषधवाल्यांचं ‘प्लासिबो’ही मूळचं चर्चमधलंच : मृतांसाठीच्या सायंप्रार्थनेत ‘मी संतुष्ट करीन’ या अर्थी येणारं. पुढे ते खुशामतीला लागलं, आणि मग रोग्याचं नुसतं समाधान करणाऱ्या गोळीला.

माझा लाडका शब्द ‘इग्नोरेमस’. आरोपाला पुरेसा पुरावा नसला की इंग्लंडमधली ग्रँड ज्युरी, म्हणजे खटला चालवावा की नाही हे ठरवणारं पंचमंडळ, कागदावर हा शेरा मारी. शब्दशः ‘आम्ही जाणत नाही’. 1615 मध्ये केंब्रिजला राजा पहिला जेम्स याच्यापुढे झालेल्या एका प्रहसनात मूर्ख वकिलाचं नावच इग्नोरेमस ठेवलं, आणि शेऱ्याचा अर्थ ‘अडाणी’ होऊन बसला.

राहिला मराठी प्रतिशब्द. राज्यघटनेच्या मराठी पाठात ‘देहोपस्थिती’ आहे. लॅटिनशी इमानी, पण ऐकताना हजेरीपट आठवतो. हिंदीतून आलेलं ‘बंदी प्रत्यक्षीकरण’ बोजड खरं, तरी माझं मत त्यालाच : त्यात निदान बंदी तरी दिसतो.